गोळ्यांचे पैसे कोण भरणार? उतारवयातील मेडिक्लेम आणि दवापाण्याचा हिशेब

आमच्या पेठेतील एक बुजुर्ग शिंपी, ज्यांना लहानथोर सगळे मास्टरचाचा म्हणतात, गेल्या महिन्यात कापडी पिशवी घेऊन दुकानावर आले. पिशवीत वर्षभराची औषधांची बिले होती. तारखेनुसार लावलेली, टाचणी मारलेली; आणि सर्वांत वर विमा कंपनीचे एक पत्र. म्हणाले, "बेटा, ४६ हजार हप्ता भरला. ४० हजारांची दवा घेतली. कंपनी म्हणते, एक रुपया मिळणार नाही. तू हिशेबातला माणूस, हे कागद जरा बघ."

कागद पाहिले. कंपनीचे म्हणणे बरोबर होते. चाचांना कोणी फसवले नव्हते. एजंटाने सांगितले नाही आणि चाचांनी विचारले नाही, एवढेच झाले होते. त्यांची पॉलिसी ही आपल्याकडे 'मेडिक्लेम' म्हणून ओळखली जाणारी साधी पॉलिसी. ती रुग्णालयात दाखल झाल्यावर खर्च देते. रोज सकाळी न्याहारीनंतर घ्यायच्या मधुमेहाच्या गोळीशी तिचा संबंध नाही.

असे मास्टरचाचा आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्याची गोष्ट वेगळी. केंद्र सरकारचा निवृत्तिवेतनधारक वर्गणी भरून केंद्रीय आरोग्य योजनेचा सभासद होतो आणि त्याला दवाखान्यातून महिन्याची औषधे मिळतात. जिथे असा दवाखाना नाही तिथे औषधपाण्यासाठी ठराविक भत्ता मिळतो. दुकानदार, बेकरीवाला, शिंपी, चर्मकाम करणारा, तांबट, फर्निचरचा मिस्त्री यांना निवृत्तीची तारीखही नसते आणि निवृत्तिवेतनही नसते. डोळे आणि गुडघे जेव्हा नाही म्हणतात तेव्हा तो घरी बसतो. नेमके त्याच वेळी औषधांचे बिल सुरू होते.

पॉलिसी काय देते आणि काय देत नाही

साध्या मेडिक्लेममध्ये औषधांचे पैसे तीन ठिकाणी मिळतात. पहिले, रुग्णालयात किमान २४ तास दाखल असताना दिलेली औषधे. मोतीबिंदूसारख्या काही उपचारांना २४ तासांची अट नसते. दुसरे, दाखल होण्यापूर्वीच्या काही दिवसांतील त्याच आजाराची औषधे. तिसरे, घरी सोडल्यानंतरच्या काही दिवसांतील औषधे. पुष्कळ पॉलिसींत हे दिवस आधीचे ३० आणि नंतरचे ६० असतात. काहींत याहून जास्त. या चौकटीबाहेरची औषधे, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा यांची बारमाही औषधे, ही आपल्या खिशातून.

आता एक गंमत सांगतो, तिला गंमत म्हणणेही जिवावर येते. चाचांची पिशवी उलगडताना दोन वर्षांपूर्वीची काही बिले निघाली. चाचींचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले होते. रुग्णालयाचे बिल कंपनीने परस्पर भरले. पण घरी आल्यावर दीड महिना जी औषधे लागली आणि दोनदा तपासणी झाली, त्याचे सुमारे सात हजार रुपये चाचांनी खिशातून दिले आणि कंपनीकडे मागितलेच नाहीत. "रुग्णालयाचे बिल चुकते झाले, मग काम संपले," असे त्यांना वाटले. जे मिळणार नव्हते त्यासाठी ते वर्षभर बिले जमवीत राहिले, आणि जे हक्काचे होते ते मागायचे राहून गेले. मुदत केव्हाच टळली होती.

म्हणून वाचकांना पहिली विनंती. घरी सोडल्याच्या दिवशी डिस्चार्ज कार्डाची एक प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्यानंतरचे प्रत्येक औषधाचे पक्के बिल एका पिशवीत ठेवावे. बिलावर रुग्णाचे नाव हवे, दुकानाचा परवाना क्रमांक हवा. मुदत संपण्याची वाट न पाहता दावा पाठवावा.

कंपन्या रोजच्या गोळ्या का घेत नाहीत?

व्यापारी माणसाला हे समजायला अवघड नाही. आगीचा विमा आपण का घेतो? आग लागेलच असे नाही म्हणून. हजार दुकानांपैकी दोन-चार जळतात आणि हजारांच्या हप्त्यातून त्यांची भरपाई होते. पण ज्याला मधुमेह आहे त्याला गोळी लागणारच. यात 'कदाचित' काही नाही. जो खर्च ठरलेलाच आहे तो कंपनीने अंगावर घेतला तर ती तेवढाच खर्च हप्त्यात धरते, वर आपला व्यवस्थापन खर्च, एजंटाचे कमिशन आणि नफा लावते. आपलेच पैसे वळसा घालून, थोडे झिजून, आपल्याकडे परत येतात.

अमेरिकेत वृद्धांसाठी औषधांचा वेगळा विमा आहे. आपल्या ओळखीतील ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी 'पार्ट डी' हे नाव ऐकले असेल. २००६ पासून तो सुरू आहे. योजना खासगी कंपन्या विकतात, पण त्यामागे सरकारचा मोठा पैसा असतो, आणि तो आहे म्हणूनच हा व्यवहार चालतो. २०२५ पासून तिथे एक मर्यादाही घातली गेली: योजनेच्या यादीतील औषधांसाठी वृद्धाच्या खिशातून वर्षाला २,००० डॉलरपेक्षा जास्त जाणार नाहीत. २०२६ साठी ती २,१०० डॉलर ठरली. आपल्याकडे असे काही नाही. पण तिथल्या लोकांची तुलना करण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात योजना बदलता येते. तेव्हा शहाणा माणूस कोणत्या योजनेचा हप्ता कमी आहे एवढेच पाहात नाही. तो आपल्या औषधांची यादी काढतो, ती औषधे प्रत्येक योजनेच्या यादीत आहेत का आणि कोणत्या दराने आहेत हे पाहतो, आणि वर्षाचा हप्ता अधिक वर्षभर खिशातून जाणारे पैसे अशी एकच बेरीज करतो. कमी हप्त्याची योजना पुष्कळदा या बेरजेत महाग ठरते.

आपणही हीच बेरीज करायची आहे.

आधी यादी, मग योजना

मास्टरचाचांना मी वहीचे एक पान दिले आणि घरातील सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या. प्रत्येक औषधाचे छापील नाव, त्याखाली बारीक अक्षरांत असलेले मूळ औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, दिवसाला किती, आणि छापील किंमत. दोघांची मिळून सात औषधे निघाली. चाचांची मधुमेहाची दोन, रक्तदाबाचे एक, कोलेस्टेरॉलचे एक. चाचींचे थायरॉइडचे, रक्तदाबाचे आणि कॅल्शियमचे. महिन्याची बेरीज ३,४०० रुपये, म्हणजे वर्षाला ४०,८००. हप्ता धरून ८६,८००. ज्या माणसाला दोन मुलगे मिळून महिन्याला १५ हजार देतात, त्याच्यासाठी हा आकडा अर्ध्या उत्पन्नाच्या जवळ जातो. चाचा बराच वेळ त्या पानाकडे पाहात राहिले. "मी तर समजत होतो, दवेला हजार-बाराशे लागतात," असे म्हणाले.

मूळ औषधाचे नाव लिहिताना आणखी एक गोष्ट उघड झाली. चाचांच्या एका संयुक्त गोळीत जे औषध होते तेच दुसऱ्या नावाने वेगळ्या गोळीतही होते. दोन डॉक्टरांनी दोन वेळा लिहून दिलेले. ती चिठ्ठी घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. हे आपण आपल्या मनाने थांबवायचे नसते.

यादी हाती आली की 'ओपीडी कव्हर'वाल्या पॉलिसीकडे पाहावे. दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च देणाऱ्या या योजना आता अनेक कंपन्या विकतात, आणि एजंट त्या फार गोड शब्दांत मांडतात. हिशेब असा करावा. समजा, ओपीडीसाठी वर्षाला ८,५०० रुपये जास्त हप्ता आहे आणि वर्षाची मर्यादा १०,००० रुपये आहे. सगळे पैसे वसूल झाले तरी फायदा दीड हजाराचा. आता बारीक अक्षरे वाचा. या १० हजारांत औषधे आहेत का, की फक्त डॉक्टरची फी आणि तपासण्या आहेत? औषधांना आत आणखी एक छोटी मर्यादा आहे का? औषध कंपनीच्या ठरलेल्या दुकानातूनच किंवा मोबाइलवरूनच घ्यावे लागते का? आधीपासून असलेल्या मधुमेहाला थांबण्याचा काळ लागू आहे का? यातील एकाही प्रश्नाचे उत्तर आपल्याविरुद्ध गेले की तो दीड हजाराचा फायदा उडून जातो. ज्या घरात दर महिन्याला तीन-चार तपासण्या आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या भेटी होतात, त्यांना अशी योजना परवडू शकते. केवळ गोळ्यांसाठी ती घ्यावी असे मला वाटत नाही. एजंट मंडळी रागावतील, पण बेरीज हेच सांगते.

मग मेडिक्लेम सोडून द्यावा का?

नाही. चाचांनीही हाच प्रश्न रागाने विचारला होता. रोजच्या गोळ्यांना उपयोग नाही म्हणून पॉलिसी फेकणे म्हणजे छत्रीने ऊन अडते पण थंडी अडत नाही म्हणून ती मोडून टाकणे. एका हृदयविकाराच्या झटक्यात किंवा कंबरेच्या हाडाच्या ऑपरेशनमध्ये दुकानातील मालाचे भांडवल निघून जाते. (विम्याच्या धार्मिक बाजूबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी जाणत्या आलिमांना विचारावे. मी फक्त हिशेबापुरता बोलतो.)

मात्र साठीनंतर पॉलिसी निवडताना हप्त्याच्या पलीकडे काही गोष्टी पाहाव्या लागतात. सर्वांत मोठी म्हणजे 'को-पे', म्हणजे बिलातील आपला वाटा. ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींत २० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा आपण द्यायचा असतो. दोन लाखांच्या बिलात हे ४० हजार होतात. हप्त्यात चार हजार वाचवून इथे ४० हजार घालवणारे मी पाहिले आहेत.

खोलीच्या भाड्याची मर्यादा ही दुसरी. पॉलिसीत दिवसाला ३ हजारांची खोली मान्य असताना आपण ६ हजारांची घेतली, तर केवळ खोलीचे जादा पैसे द्यावे लागत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च यांतही त्याच प्रमाणात कात्री लागते. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना मात्र ही प्रमाणशीर कात्री लावू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये स्पष्ट केले. बिल कापले गेले तर औषधांच्या रकमेलाही कात्री लावली आहे का, हे तपासून पाहावे आणि लावली असेल तर लेखी हरकत घ्यावी.

तुलना करणे सोपे जावे म्हणून १ एप्रिल २०२० पासून 'आरोग्य संजीवनी' नावाची एकाच मजकुराची पॉलिसी आली. कोणत्याही कंपनीची घ्या, मूळ अटी त्याच: ५ टक्के आपला वाटा, आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस. अटी सारख्या असल्या की उरतो हप्ता आणि दावे देण्याची कंपनीची रीत. दुसरी कोणतीही पॉलिसी पाहताना ही शेजारी ठेवून पाहावी. बाजारात मापासाठी प्रमाणित वजन असते, तसे.

गेल्या काही वर्षांत काही नियम आपल्या बाजूने बदलले आहेत. ६५ नंतर नवी पॉलिसीच मिळत नाही, ही जुनी अडचण एप्रिल २०२४ च्या नियमांनी सैल केली. कंपन्यांना सर्व वयांसाठी योजना काढायला सांगितले गेले. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आला. पाच वर्षे सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, अमुक आजार लपवला होता असे म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता. याचा अर्थ आजार लपवावा असा नाही. पहिल्या पाच वर्षांतच तो उघड झाला तर पैसे आणि पॉलिसी दोन्ही जातात. फॉर्म एजंटाला भरू न देता समोर बसून भरावा, आणि साखर आहे तर 'आहे' लिहावे.

जानेवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने साठीवरील लोकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला, असे कंपन्यांना बजावले. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला. त्याच दिवसापासून बहुतेक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नूतनीकरणाची पावती काढून पाहा, कर लावलेला नसावा.

नवरा-बायकोची एकत्र पॉलिसी असेल तर तिचा हप्ता घरातील सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, हे पुष्कळांना माहीत नसते. दोघांच्या वयात आठ-दहा वर्षांचे अंतर असेल तर वेगवेगळ्या पॉलिसींचा भावही कंपनीकडून मागून पाहावा. त्याच कंपनीत बदल केला तर पूर्ण झालेला थांबण्याचा काळ वाया जात नाही. मात्र ही हालचाल नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी करावी, आदल्या दिवशी नव्हे.

सरकारी कार्डे आणि कामगारांसाठी दहा रुपये

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळू लागले. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड निघते. घरात असे दोघे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येते. यातही दाखल होण्यापूर्वीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस औषधे मिळतात. रोजच्या गोळ्या इथेही नाहीत. ७० च्या आतील महाराष्ट्रीय कुटुंबांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. जुलै २०२३ च्या निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली आणि मर्यादा ५ लाख झाली. कार्ड काढण्यापेक्षा महत्त्वाचे काम म्हणजे आपल्या भागातील कोणती रुग्णालये योजनेत आहेत आणि तिथे कोणते उपचार होतात, हे आजारी पडण्यापूर्वी स्वतः जाऊन विचारून येणे.

विणकरांसाठी एकेकाळी एक चांगली गोष्ट होती. २००५-०६ मध्ये केंद्राने हातमाग विणकरांसाठी आरोग्य विमा आणला, त्यात १५ हजारांच्या मर्यादेत ७,५०० रुपये दाखल न होता घेतलेल्या उपचारांसाठी होते. रक्कम लहान होती, पण कारागिराच्या गरजेला धरून होती. पुढे ती योजना गुंडाळली गेली आणि तिच्या जागी आलेल्या योजनांनी पुन्हा फक्त खाटेचा विचार केला.

रोजची औषधे मिळण्याचा एक मार्ग मात्र आजही आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. जे कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने किंवा स्वेच्छानिवृत्तीने निवृत्त झाले, त्यांना महिना दहा रुपये, म्हणजे वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि पत्नीचे उपचार चालू ठेवता येतात. यात दवाखान्यातून मिळणारी औषधे येतात. १२० रुपयांत वर्षभराची मधुमेहाची गोळी! ४६ हजारांच्या पॉलिसीत जे नाही ते इथे आहे. दवाखान्यात रांग असते, कधी औषध शिल्लक नसते, हे खरे. तरीही छापखाना, कारखाना, प्रक्रिया उद्योग, मोठे दुकान अशा ठिकाणी ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जात होता, त्यांनी आपला जुना विमा क्रमांक शोधून शाखा कार्यालयात जावे. विमाधारक वारला असेल तर त्याच्या विधवेनेही चौकशी करावी. आणि जे आपले बंधू आज मालक आहेत, दहा-पंधरा कारागीर कामाला ठेवतात, त्यांनी हे वाचून थोडे थांबावे. कारागिराची नोंद न केल्याने आज जे चार पैसे वाचतात, त्यात त्याच्या म्हातारपणाच्या गोळ्या जातात.

गोळीच स्वस्त करता येते

विमा गोळीचे पैसे देत नसेल तर गोळीची किंमत कमी करणे हाच उरलेला धंदा. इथे व्यापाऱ्याचे डोके चालते. औषधाच्या पाकिटावर छापलेली ही कमाल किंमत आहे, भाव नव्हे. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधांची कमाल किंमत सरकार २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने ठरवते, आणि त्यात किरकोळ दुकानदाराचा नफा १६ टक्के धरलेला असतो. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी स्वतः ठरवते, फक्त वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू शकत नाही. एकाच मूळ औषधाच्या दोन नावांत दुप्पट-तिप्पट फरक दिसतो तो यामुळे, आणि जाहिरात व प्रतिनिधींच्या खर्चामुळे. 'फार्मा सही दाम' या सरकारी अ‍ॅपवर आपल्या औषधाची आणि त्याच्या भावंडांची किंमत पाहता येते. मुलाला किंवा नातीला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे.

साध्या औषध दुकानात मागितलेले 'जेनेरिक' नेहमी स्वस्त पडतेच असे नाही. काही वेळा दुकानदाराला ते फार कमी भावात येते पण छापील किंमत चढीच असते, आणि मधला नफा त्याच्याकडे राहतो. म्हणून किंमत विचारून घ्यावी. जनऔषधी केंद्रात हा घोळ नाही, कारण तिथली छापील किंमतच कमी असते. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची देशात १५ हजारांहून जास्त केंद्रे झाली आहेत आणि तिथले दर बाजारातील नावाजलेल्या कंपन्यांच्या दरापेक्षा साधारण निम्म्याने किंवा त्याहून कमी असतात. अडचण एकच, आपले औषध त्या दिवशी असेलच असे नाही. शेवटची गोळी संपल्यावर न जाता आठवडा हाताशी ठेवून जावे.

डॉक्टरांना "मूळ नावाने लिहून द्या" असे सांगण्यात संकोच कसला? कापड घेताना आपण सूत किती नंबरचे म्हणून विचारतोच की. मात्र थायरॉइड, फीट, रक्त पातळ करणे यांच्या औषधांत कंपनी बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच, आणि नंतर सांगतील तेव्हा तपासणी करून. तिथे दोन रुपयांसाठी धोका घेऊ नये.

ज्यांना तेही जड जाते त्यांच्यासाठी सरकारी दवाखाना आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रक्तदाब आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. दुकानदाराने रांगेत उभे राहण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, तो कर भरतो.

कराचा विषय निघालाच तर एक नोंद. जो जुन्या करपद्धतीने विवरण भरतो त्याला साठीवरील आईवडिलांच्या हप्त्याबद्दल ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. आणि त्यांचा आरोग्य विमा काढलेलाच नसेल तर प्रत्यक्ष दवापाण्याच्या खर्चाबद्दल त्याच मर्यादेत मिळते. पैसे रोख दिलेले नसावेत. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. मुलगा पैसे देत असेल तर त्याने आपल्या खात्यातून द्यावेत. अब्बांच्या हातात रोकड देऊन वजावट मिळत नाही.

मास्टरचाचांचे पुढे काय झाले ते सांगतो. डॉक्टरांनी ती दुहेरी गोळी बंद केली, चार औषधे मूळ नावाने लिहून दिली, चाचींची थायरॉइडची गोळी आहे तीच ठेवली. महिन्याचा खर्च ३,४०० वरून १,७०० वर आला. वर्षाला २०,४०० रुपये वाचले, तेही कोणत्याही कंपनीला एक पैसा जादा न देता. एजंटाने ओपीडीवाली नवी पॉलिसी पुढे केली होती, ती घेतली नाही.

वय वंदना कार्डासाठी मात्र गाडी अडली आहे. चाचांचे खरे वय ७१. आधार काढताना कोणीतरी, आपल्या कितीतरी बुजुर्गांबाबत झाले तसे, १ जानेवारी आणि अंदाजाने एक साल टाकून दिले, आणि कागदावर ते ६८ वर्षांचे निघाले. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे पुरावा पक्का हवा. चाचा सध्या आपल्या गावच्या शाळेचा दाखला शोधत आहेत. दाखला सापडून दुरुस्ती होईपर्यंत जुनी पॉलिसी चालू ठेवायची आणि हप्ता तारखेच्या आठ दिवस आधी भरायचा, असे ठरले आहे.